पेशी घर बदलते तेव्हा

आमच्या शेजारच्या काकूंचं सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. नंतर रोज टॅमॉक्सिफेनची एक गोळी. तब्येत अगदी ठणठणीत. यंदा कंबर दुखायला लागली, फोटो काढला तर हाडात डाग. डॉक्टर म्हणाले, तिथला तुकडा काढून तपासू. काकू चिडल्याच. “एकदा तपासलाय ना? रोग तोच, मग पुन्हा सुई कशाला?”

मैत्रिणींनो, तुम्ही-आम्हीही हेच विचारलं असतं. रोग तोच, हे खरं. पण पेशी तशीच राहिली असेल असं नाही. आपण नाही का, माहेरी एक असतो आणि सासरी दुसऱ्याच होतो!

1889 साली लंडनच्या स्टीफन पॅजेट या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. रक्त प्लीहेतही जातं आणि यकृतातही, पण गाठी यकृतातच फार. ते म्हणाले, बी कुठंही पडलं तरी रुजतं ते मानवेल त्याच जमिनीत.

पुढं अमेरिकेत बर्कलेला मीना बिसेल यांनी गाभण उंदरीच्या स्तनातल्या पेशी काढून सपाट बशीत वाढवल्या. त्या दूध करायचंच विसरल्या! शरीरातल्यासारखा मऊ थर देताच पुन्हा गोल बसल्या आणि दुधातली प्रथिनं पाझरू लागल्या. 1997 साली तर त्यांच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींना बाहेरून मिळणारा एक संदेश अडवला, तेव्हा त्या निरोगी पेशींसारख्या शिस्तीत बसल्या. जनुकांतले दोष मात्र होते तसेच होते. (हे सगळं बशीतलं, बरं का! आणि भोवताल म्हणजे पेशीच्या शेजारचा थर. त्या नावाखाली कुणी चूर्ण विकू लागलं तर पैसे देऊ नका.)

आता काकूंचा तुकडा. टॅमॉक्सिफेन कामी येतं ते पेशीत इस्ट्रोजेन धरून ठेवणारे रिसेप्टर असतील तरच. गाठ दुसरीकडे रुजली, वर्षानुवर्षं औषध झेललं, की काही जणींच्या पेशी हे रिसेप्टर टाकून देतात. मग गोळी घेऊन उपयोग काय? उलटंही घडतं, जुन्या गाठीत नसलेली खूण नव्या गाठीत सापडते आणि एखादं वेगळं औषध लागू पडतं. जुन्या रिपोर्टावरून हे कळायचं कसं? म्हणून नवा तुकडा. जुनी फाईल मात्र जपून ठेवा. डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहायचे असतात.

कुरकुरत का होईना, काकू गेल्या. आठवड्यानं रिपोर्ट आला, रिसेप्टर नाहीत. डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन बंद करून दुसरं औषध सुरू केलं.