बरगडीची साधी अर्बुदे
बरगडीच्या अस्थीत किंवा कूर्चेत (लवचिक, हाडासारख्या ऊतकात) उत्पन्न होणाऱ्या आणि शरीराच्या इतर भागांत न पसरणाऱ्या गाठींना बरगडीची साधी अर्बुदे म्हणतात. त्या स्वभावतः मारक नसल्या, तरी फुप्फुस, हृदय व मेरुरज्जू यांच्या सान्निध्यामुळे त्यांपासून उपद्रव संभवतात.

प्रकार : तंतुमय दुर्विकसन या विकृतीत अस्थीच्या जागी तंतुमय ऊतक व अपक्व अस्थी तयार होते. काटेकोर अर्थाने ते अर्बुद नव्हे, परंतु बरगडीच्या साध्या विकृतींत ते वारंवार आढळते. अस्थि-कूर्चार्बुद म्हणजे अस्थीच्या पृष्ठभागावर वाढणारा, कूर्चेची टोपी असलेला उंचवटा होय. शरीराची वाढ पूर्ण झाल्यावर त्याचीही वाढ सामान्यतः थांबते. कूर्चार्बुद बहुधा पुढील बाजूस, बरगडी व तिची कूर्चा यांच्या संधीजवळ होते.

उपद्रव : पुष्कळ रुग्णांत कोणतेही लक्षण नसते व अन्य कारणाने काढलेल्या क्ष-किरण चित्रात गाठ अकस्मात दिसते. गाठीमुळे अस्थी कमकुवत झाल्यास किरकोळ आघातानेही ती मोडते. आंतरपर्शुकी तंत्रिकेवर (दोन बरगड्यांमधील मज्जातंतूवर) दाब पडल्यास वेदना होतात. आत वळलेल्या अस्थि-कूर्चार्बुदाचे टोक परिफुप्फुसास (फुप्फुसावरील पातळ आवरणास) किंवा मध्यपटलास घासून छातीच्या पोकळीत रक्त अथवा हवा साचते. क्वचित हृदयासही इजा होते. पाठीच्या कण्याजवळील गाठ मेरुरज्जूवर दाब आणू शकते. एकाकी अस्थि-कूर्चार्बुद सु. १ टक्का रुग्णांत मारक बनते. आनुवंशिक बहुविध प्रकारात हा धोका अधिक असतो. प्रौढ वयात पुन्हा सुरू झालेली वाढ, नवी वेदना किंवा २ सेंमी.पेक्षा जाड झालेली कूर्चेची टोपी ही संशयास्पद चिन्हे होत.

निदान व चिकित्सा : क्ष-किरण चित्रण, संगणकीय छेदचित्रण व चुंबकीय अनुस्पंदन चित्रण यांनी गाठीचे स्थान व व्याप्ती कळते. लक्षणे नसलेले व निश्चितपणे साधे असलेले अर्बुद नियमित तपासणीखाली ठेवणे पुरेसे असते. वेदना, वाढ, उपद्रव किंवा निदानाबद्दल शंका असल्यास शस्त्रक्रिया करतात. कूर्चाजन्य गाठींबाबत विशेष सावधगिरी आवश्यक असते. साधे कूर्चार्बुद व मंदगती मारक कूर्चार्बुद यांतील भेद ऊतकाच्या लहान तुकड्याच्या परीक्षेवरून नेहमीच स्पष्ट होत नाही. म्हणून भोवतीच्या निरोगी भागासह संपूर्ण गाठ काढणे श्रेयस्कर मानतात. एका बरगडीचा भाग काढल्याने श्वसनात सहसा अडथळा येत नाही. मोठी पोकळी राहिल्यास ती कृत्रिम जाळीने झाकतात. तंतुमय दुर्विकसनात प्रारण चिकित्सा वर्ज्य मानतात, कारण तिच्यामुळे मारक परिवर्तनाचा धोका वाढतो. गाठ पूर्णपणे काढली गेल्यास ती पुन्हा उद्‌भवण्याची शक्यता अल्प असते.