तलफ किती मिनिटांची?

टपरीवर कटिंग चहा हातात आला की बोटं आपोआप खिशाकडे वळतात. सिगारेटने ताण उतरतो, असं ओढणारा शपथेवर सांगतो. प्रत्यक्षात शेवटच्या झुरक्यानंतर साधारण २ तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, मेंदू कुरकुरू लागतो आणि पुढची सिगारेट तीच कुरकुर शमवते. आग लावणाराच बंब घेऊन येतो, म्हणा ना!

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड. पण एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात बडीशेप चघळा, चक्कर मारून या. चहा-कॉफीही कमी करा. धूर थांबला की शरीर कॅफिनचा निचरा सावकाश करतं आणि साचलेल्या कॅफिनची धडधड ताणच वाटते. मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, मोफत : १८००-११-२३५६.