तारीफ करणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा: छंदातून काम कसं उभं करायचं?



अमरावती-अकोल्याकडचा एक प्रश्न वारंवार येतो. "सर, मले फोटोचा शौक हाय, चित्रंही काढतो, एडिटिंगही जमते. यातून धंदा होईल का?" कधी फोटोच्या जागी मेंदी असते, कधी आरी वर्क, कधी रांगोळी, सुलेखन नाहीतर गच्चीवरची बाग. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो, जरा हळू आवाजात: "मग नोकरी सोडू का?"

दुसऱ्या प्रश्नात घरचा किराणा, पोरांची फी आणि बायकोचे दागिने अडकलेले असतात. म्हणून आज नुसतं "आपल्या आवडीचं काम करा" असं सांगून मोकळं व्हायचं नाही. एका माणसाचं उदाहरण घेऊ. छंद भरपूर, प्रत्येक छंदातून त्यानं काम काढलं, काही चाललं, काही बसलं. तुम्ही त्यांना सिनेमावाले म्हणून ओळखता. आपण त्यांच्याकडे फ्रीलान्सर म्हणून पाहू.

सिनेमाच्या आधीचे दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, फोटो, छपाई, जादू, नाटक... शौकांची यादी पाहिली तर आजच्या भाषेत घरचे म्हणाले असते, "एका ठिकाणी टिकत नाही हा पोरगा."

पण त्यांनी प्रत्येक शौकाचं काय केलं ते पाहा.

पहिला शौक फोटोचा. १८९० च्या सुमारास कॅमेरा घेतला. पुढे व्यवसाय म्हणून गोध्र्याला स्टुडिओ टाकला. १९०० च्या प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं, तेव्हा ते बडोद्याला परतले. तिथे पुन्हा फोटोचं काम सुरू केलं, पण लोकांच्या मनात भीती होती की फोटो काढला की माणसाची शक्ती जाते, आयुष्य कमी होतं. काम काही जमलं नाही.

दुसरा शौक चित्रकलेचा. नाटक कंपन्यांसाठी ते पडदे रंगवू लागले.

तिसरा जादूचा. आपल्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून "प्रोफेसर केळफा" या नावानं त्यांनी जादूचे प्रयोग केले.

चौथा छपाईचा. रतलामला जाऊन तीन रंगांचे ब्लॉक तयार करायचं तंत्र ते शिकून आले होते. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून नोकरी मिळाली. म्हणजे दोन छंदांचा एक पगार! स्वदेशीच्या वाऱ्यात ती नोकरी सोडली आणि लोणावळ्याला एनग्रेव्हिंग आणि प्रिंटिंगचा कारखाना काढला. रविवर्मा प्रेसचं कामही त्यांनी केलं. पुढे हाच छापखाना दादरला आला, "लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स" या नावानं. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले.

आता प्रश्न असा की त्याच माणसाचा फोटोचा धंदा बडोद्यात बसला आणि ब्लॉकचं काम पुढे मुंबईपर्यंत का पोचलं? हात तोच, नजर तीच, मेहनतही तीच.

फरक गिऱ्हाइकात होता

बडोद्यात फोटो काढून घेणारा माणूस हौशी होता. त्याला फोटो हवा असेल तर ठीक, नसेल तरी त्याचं काही अडत नव्हतं. वर मनात भीती. नाटक कंपनीचं तसं नव्हतं. पडदा नसेल तर राजवाड्याचा प्रवेश करायचा कसा? छापखान्याचंही तसंच. ब्लॉक नाही तर चित्र छापताच येत नाही, आणि आजचं छापून झालं की उद्याचं काम उभंच असतं.

आजच्या सगळ्या लेखातली मुख्य गोष्ट हीच. तुमच्या छंदाची तारीफ करणाऱ्याला विकायला जाऊ नका. तुमच्या छंदावाचून ज्याचं काम अडतं, त्याला शोधा.

आपल्या वऱ्हाडात तारीफ लय स्वस्त आहे. "काय फोटो काढते बाप्पा!" म्हणणारे गल्लीत वीस जण भेटतील. त्यातल्याच एकाच्या घरी बारसं निघालं की वाक्य येतं, "घरचंच काम हाय, पाहून घेजो." तो माणूस वाईट नाही. फोटो नसला तरी त्याचं बारसं होणारच आहे, एवढंच.

मग अडणारे कोण? कागद घ्या आणि आपल्या दोन शहरांत नजर फिरवा.

- अमरावतीतले कोचिंग क्लास. दरवर्षी निकाल लागला की पोरांचे फोटो, बॅनर, रील्स त्याच आठवड्यात लागतात.
- अकोल्यातले दवाखाने. पेशंटला समजेल अशी मराठी माहितीपत्रकं, भिंतीवरची चित्रं, डॉक्टरांचे छोटे व्हिडिओ.
- कृषी केंद्रं, बियाणे विक्रेते, रोपवाटिका. हंगाम सुरू व्हायच्या आधी पिकांचे फोटो आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती.
- वरुड-मोर्शीकडचे संत्रा बागायतदार आणि पॅकिंगवाले. माल दुसऱ्या राज्यात पाठवताना खोक्यावरचं लेबल, मालाचे फोटो.
- चिखलदऱ्याचे हॉटेल आणि होमस्टेवाले. पावसाळ्यातले चांगले फोटो नसतील तर ऑनलाइन बुकिंगला त्यांचा नंबर मागे पडतो.
- बुटीक आणि ब्लाउज शिवणाऱ्या ताई. लग्नसराईत आरी वर्कचं काम त्यांना स्वतःला झेपत नाही.

शौक तोच ठेवा, फक्त समोरचा माणूस बदला. मेंदी काढणाऱ्या ताईला एक नवरी वर्षातून एकदाच भेटते. पण मंगल कार्यालयवाला आणि ब्युटी पार्लरवाली यांच्याकडे लग्नसराईभर नवऱ्या येतात.

आधी नमुना, मग भांडवल

फाळक्यांचा पुढचा भाग सगळ्यांना माहीत असतो, पण अर्धाच. छापखान्यातल्या भागीदारांशी पटेना, म्हणून ते बाहेर पडले. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्याकडे असं करायचं हे डोक्यात बसलं. विमा पॉलिसी तारण ठेवून पैसा उभा केला. १९१२ च्या सुरुवातीला लंडनला गेले, सिनेमा कसा बनतो ते पाहिलं, विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि परत आले.

पण परत आल्यावर लगेच "राजा हरिश्चंद्र" सुरू केला नाही. आधी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं. त्याचा अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रीकरण केलं. पडद्यावर मिनिटभरात रोप वाढताना दिसलं! "अंकुराची वाढ" नावाची ही छोटी फिल्म त्यांनी पैसे देऊ शकणाऱ्या लोकांना दाखवली आणि कर्ज मिळवलं. सोबत सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. मग ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये "राजा हरिश्चंद्र" लोकांसमोर आला.

आपल्यासाठी धडा हा. "मला येतं" हे तोंडानं सांगितलं तर समोरचा नुसता मान हलवतो. वाटाण्याचा वेल दाखवला की तो खिशात हात घालतो. नमुनाही समोरच्याच्या कामाचा हवा. अकोल्याच्या दवाखान्यात जाताना मेळघाटातल्या वाघाचा फोटो नेऊ नका. मधुमेहाच्या पेशंटनं पायाची काळजी कशी घ्यावी, यावर एक पानाचं सुंदर चित्रपत्रक करून न्या. एक पान, एका रविवारचं काम. खर्च जवळपास नाही.

आणि पत्रक न्यायच्या आधी नवा लेन्स घेऊ नका. बरेच जण उलटं करतात. हप्त्यावर कॅमेरा येतो, पण गिऱ्हाईक हप्त्यावर येत नाही.

दर कसा काढायचा?

इथे बहुतेकांची गाडी अडते. "तो दोन हजारात करतो, मी किती घेऊ?" दुसऱ्याचा दर पाहून आपला दर काढायचा नाही. आपला हिशोब आपल्या घरापासून सुरू होतो. समजा असं आहे:

- महिन्याचा घरखर्च १८,००० रुपये
- ६०,००० चा कॅमेरा ३० महिने चालेल असं धरलं तर महिन्याला २,०००
- फोन, नेट, अमरावती-अकोला येणंजाणं २,०००
- बचत ३,०००

एकूण झाले २५,०००. आता महिन्यात तीस दिवस काम मिळणार नाही. काही दिवस गिऱ्हाईक शोधण्यात, काही वसुलीत, काही शिकण्यात जातात. पैसे देणारे दिवस १० धरा. म्हणजे एका दिवसाचा दर २,५०० रुपये. एक दिवस शूटिंग आणि एक दिवस एडिटिंग असेल तर काम ५,००० चं. दोन हजारात केलं तर प्रत्येक कामामागे तीन हजार तुम्ही खिशातून घालताय.

"पण सर, मी तर नोकरी करतो, माझा घरखर्च पगारातून निघतो." तरीही दर हाच ठेवा. आज २,००० ची सवय लावली तर नोकरी सोडल्यावर तेच गिऱ्हाईक ५,००० देणार नाही. "काहून एवढे?" असं विचारेल, आणि त्याचं चुकणारही नाही.

पैसे येणार कधी?

वऱ्हाडात पैशाला हंगाम असतो. सोयाबीन-कापूस घरातून बाजारात गेला की दुकानदाराच्या गल्ल्यात पैसा खेळतो. जून-जुलैत तोच पैसा बी-खतात जातो. "कापूस इकला की देतो" हे वाक्य खोटं नसतं, पण तुमच्या विजेच्या बिलाला ते चालत नाही. म्हणून तीन गोष्टी पाळा.

एक, निम्मे पैसे आधी. उरलेले फाइल देताना. हे बोलायला अवघड वाटत असेल तर कोटेशनवर लिहूनच द्या, मग तोंडानं बोलावं लागत नाही.

दोन, उद्यम नोंदणी करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधारवर होते, त्यासाठी एजंटला पैसे द्यायची गरज नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, नोंदणी असलेल्या उद्योगाचे पैसे घेणाऱ्यानं लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं. म्हणून नोंदणी कामाच्या आधी करा आणि काय ठरलं ते लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर तरी घ्याच.

तीन, बिल द्या. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण साधं बिल लागतंच. नाव, तारीख, काम, रक्कम, मुदत. बिल नसेल तर समोरच्याच्या हिशोबात तुमचं नावच नसतं.

मग नोकरी सोडू का?

फाळक्यांची गोष्ट इथेही उपयोगी पडते, फक्त शेवटपर्यंत पाहावी लागते. १९१८ मध्ये भागीदारांसोबत हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली. तिथेही मतभेद झाले, ते काशीला निघून गेले, मग परत आले. १९३७ चा "गंगावतरण" त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, ते ओढगस्तीतच. ज्यांच्या नावानं आज देशातला सिनेमाचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो, त्यांची ही अवस्था.

त्यांचं मोठेपण यानं तसूभर कमी होत नाही. पण ते एक नवी कला या देशात आणत होते. तुम्हाला आणि मला घर चालवायचं आहे. त्यांनी घेतलेली जोखीम आपण घ्यायची गरज नाही. सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक करत, फिल्म धुण्या-जोडण्याच्या कामात हात लावत, वर दागिनेही दिले. तुमच्या घरातही असं कोणीतरी आहे. त्यांना न विचारता हा निर्णय घ्यायचा नाही.

माझा सरळ हिशोब सांगतो. घरचं आणि कामाचं बँक खातं आजपासून वेगळं करा. नोकरी तेव्हाच सोडा, जेव्हा सलग सहा महिने कामाच्या खात्यातून घरखर्च निघालेला असेल, त्यातला निदान एक महिना मंदीचा, म्हणजे जून-जुलैचा असेल, आणि निम्म्याहून जास्त पैसा पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांचा असेल. तिन्ही जमलं तर घरात बसून बोला. एकही कमी असेल तर नोकरी चालू, शौक चालू, आणि कामही चालू.

या आठवड्याचं काम

१. आपले सगळे छंद एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे लिहा: हे नसेल तर कोणाचं काम अडतं? ज्यापुढे नाव सुचत नाही, तो छंद आनंदासाठी ठेवा. तोही लागतोच माणसाला.

२. ज्यापुढे नावं आली, त्यातल्या एकासाठी एकच नमुना तयार करा.

३. तो घेऊन तीन ठिकाणी जा. अमरावतीचे असाल तर एक ठिकाण अकोल्याचं ठेवा, अकोल्याचे असाल तर अमरावतीचं. ओळखीच्या गावात "घरचं काम" जास्त मिळतं, परक्या गावात दर मिळतो.

४. तिघांनी काय म्हटलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. "छान आहे" लिहू नका. "किती घ्याल?" असं कोणी विचारलं का, ते लिहा.

पुढच्या व्हिडिओत एका पानाचं कोटेशन कसं लिहायचं ते पाहू. तोपर्यंत कागद भरून ठेवा.