कॅम्प नंबर चार

श्रोतेहो, कल्याणहून कर्जतच्या लोकलमध्ये बसलात की पहिले स्टेशन विठ्ठलवाडी आणि दुसरे उल्हासनगर. तिथे उतरून कुणाला पत्ता विचारा. पेठ, आळी असले काही तो सांगायचा नाही. ‘कॅम्प नंबर चारला जा,’ म्हणेल. चांगल्या पाच लाख वस्तीच्या शहराला हे छावणीचे आकडे कशाला, असे तुम्ही विचाराल.

त्याचे असे झाले. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळच्या माळावर लष्कराची छावणी उभारली. लांबच लांब बराकी, दुसरे काही नाही. १९४५ साली युद्ध संपले आणि बराकी ओस पडल्या. दोन वर्षांत फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन दोन तुकडे झाले. सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. गुरुजी, एवढे मुलांना नकाशावर जरूर दाखवा. पंजाबी निर्वासिताला निदान इकडचा पंजाब तरी होता. सिंधी माणसाला आपला म्हणावा असा तालुकाही इकडे उरला नाही.

मग कराचीहून आगबोटी निघाल्या त्या मुंबईकडे. १९३६ सालापर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, तेव्हा व्यापाराची ओळख जुनी. सुमारे एक लाख माणसे या रिकाम्या बराकींत येऊन राहिली. एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडे, आणि मध्ये भिंत म्हणून कापडाचा नाहीतर गोणपाटाचा पडदा. शिकारपूर-हैदराबादकडे ज्यांच्या पेढ्या होत्या, त्यांच्यातलेही कित्येक लोकलच्या डब्यातून किरकोळ माल विकू लागले. घरोघर बायका पापड लाटू लागल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी इथे नव्या नगराची कोनशिला बसवली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून नाव पडले उल्हासनगर.

पुढे बराकीतच मागे घर आणि पुढे दुकान झाले. फर्निचर, तयार कपडे, मिठाई. तुमच्या तालुक्याच्या बाजारातली जीन पँटही इथलीच असेल, नेम नाही! १९६० साली नगरपालिका झाली, १९९६ साली महानगरपालिका.

पण जागा किती? जेमतेम तेरा चौरस किलोमीटर. माणसे वाढली तशी घरे वर चढली, बरीचशी परवानगीवाचून. पाडापाडीचा प्रश्न कोर्टात गेला, तेव्हा ती बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली सरकारला या एका शहरापुरता वेगळा कायदा करावा लागला. कागद झाला, म्हणून इमारत पक्की होत नाही बरं का. मे २०२१ मध्ये दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली.

आणि शेतकरी मंडळी, छावण्यांना जमीन लागते ती कुणाची, हे तुम्हाला सांगायला नको. जवळच्याच नेवाळीला युद्धकाळात धावपट्टीसाठी जमीन घेतली गेली. ती परत मिळावी म्हणून तिथले शेतकरी २०१७ सालीही रस्त्यावर उतरले होते. निर्वासितांना घर मिळाले. या गावकऱ्यांचा हिशेब तसाच राहिला.

१९६७ साली सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली. मात्र सिंधी शाळांतली मुले कमी होत गेली. ती इंग्रजी शाळांकडे वळली. गुरुजी, तिकडचे एखादे मूल तुमच्या वर्गात आले, तर पणजोबांचे गाव विचारून पाहा. ते गाव तुमच्या भिंतीवरच्या भारताच्या नकाशात सापडणार नाही.