तीन रंगांची वाकळ

साताऱ्या-सांगलीकडं गोधडीला वाकळ म्हणतात. आमच्या घरातल्या दखनीत तिलाच गुदडी म्हणायचे. शब्द दोन, ऊब एकच. घोंगडी मागावर विणली जाते, वाकळ मात्र घरात साठत जाते. विटलेलं लुगडं, गुडघ्यावर विरलेलं धोतर, बाह्या गेलेला सदरा हे सारं ट्रंकेच्या तळाशी जमा होतं आणि उन्हाळ्यात शेतीची कामं उरकली की बायका अंगणात वाकळ अंथरतात.

वाकळ म्हणजे सतरा रंगांच्या चिंध्या असा एक समज आहे. घरोघरच्या जुन्या वाकळी अशा नव्हत्या. माणसांकडं कपडेच मोजके होते. बाईची इरकली लुगडी हिरवी, डाळिंबी किंवा काळी. पुरुषाचं धोतर नाहीतर पायजमा पांढरा. तेवढेच रंग वाकळीत उतरायचे आणि म्हणूनच ती डोळ्यांना शांत वाटायची. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांतून अशाच गोधड्या शिवल्या. 2002 साली त्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या, 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. गरजेतून आलेला साधेपणा जगानं कला म्हणून पाहिला.

नव्यानं शिवणाऱ्यांनी तीनच रंग घ्यावेत. एक गडद, एक फिका आणि एक उठून दिसणारा. गडद आणि फिका भरपूर, तिसरा अगदी थोडा. लुगड्याच्या लाल पदराची एक पट्टी पुरते.

माप सोपं आहे. नऊ वार म्हणजे 27 फूट. लुगड्याची लांबीत चौघडी केली की पावणेसात फुटांची, पन्ह्याएवढी रुंद, चार पदरांची वाकळ तयार होते. एका माणसाला ती बेतास बात होते. थंडीसाठी मधे आणखी दोन-तीन पदर घालावेत.

कपडे आधी धुऊन, खळ काढून, कडक उन्हात वाळवावेत. बटणं आणि जाड शिवणी उसवाव्यात, नाहीतर सुई मोडते. सपाट जमिनीवर खाली अस्तर, मधे विरलेले तुकडे आणि वर रंगांची ठिगळं मांडावीत. प्रत्येक पदरावरून तळहात फिरवून सुरकुती काढावी. मग हातभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. हे टाळलं तर पदर सरकतात आणि मधोमध फुगा येतो.

पक्का धावदोरा कडेपासून सुरू करावा. चारी बाजूंनी फिरत, बोटभर अंतर ठेवत आत आत यावं. शेवटचा टाका मध्यावर पडतो. कर्नाटकातल्या सिद्दी बायकाही आपली कवंदी अशीच कडेकडून आत शिवतात. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत, टाका एकच. टाके एकसारखे आले नाहीत म्हणून उसवत बसू नये. घट्ट बसणं महत्त्वाचं.

आता अडचणीचं बोलतो. सुती लुगडं घरातून गेलं. आजची साडी बहुधा कृत्रिम धाग्याची. ती घाम टिपत नाही, सुईखाली निसटते आणि वाकळ अंगाला चिकटते. मशीनवर गोधडी शिवून मिळते, पण तिच्यात कुणाचं लुगडं आहे ते सांगता येत नाही. अम्माच्या हातच्या वाकळीत तिचं स्वतःचं हिरवं लुगडं होतं आणि शेजारच्या काकूंनी दिलेलं काळंही. दोघी गेल्या. वाकळ पांघरताना कुठला पदर कुणाचा, हे आम्ही कधी विचारलं नाही. फकिराच्या गुदडीला आणि गाडगेबाबांच्या गोधडीला तरी कुणी कुठं विचारलं होतं?

म्हणून एवढंच सुचवतो. घरात एखादं जुनं सुती लुगडं किंवा धोतर उरलं असेल तर ते बोहारणीला देऊ नका. थोरल्या बाईला शेजारी बसवा आणि आधी बाळासाठी लहानसं दुपटं शिवा. मऊ जुनं सूत बाळाच्या अंगाला सोसतं आणि चार दिवसांत हाताला टाक्याची सवय होते. वाकळ त्यानंतर धरता येईल, शिकवणारी शेजारी आहे तोवर.