पुरात गेलेले वाडे आणि कागदावर राहिलेले पुणे

दिनांक १२ जुलै १९६१ रोजी अंबी नदीवरील, बांधकाम पूर्ण होत आलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही. मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा आदी नदीलगतच्या पेठांत शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले वाडे काही तासांत कोसळले. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती पुढे उभ्या राहिल्या. माणसांना निवारा मिळाला. पडलेल्या वाड्यांची रचना मात्र बहुतांशी स्मरणातच उरली.

नदीपात्रालगतचे ओंकारेश्वराचे दगडी मंदिर याच पुरात पाण्याखाली जाऊनही उभे राहिले. वाडे पडले, याचे कारण त्यांच्या बांधणीत आहे. वाड्याचे जोते घडीव दगडाचे, सांगाडा सागवानी खांब-तुळयांचा. परंतु वरच्या भिंती पुष्कळदा मातीत रचलेल्या विटांच्या वा पांढऱ्या मातीच्या असत. पावसापासून चुन्याचा गिलावा त्यांचे रक्षण करी. पाणी भिंतीत मुरून राहिले की माती विरघळते, भिंत बसते आणि तिच्या आधाराने उभा असलेला सांगाडा कलतो.

अशी वास्तू नाहीशी झाल्यावर मागे काय उरते, हे शनिवारवाड्याच्या उदाहरणावरून चांगले समजते. तो पुराने नव्हे, तर १८२८ च्या आगीने गेला. तेथील गणेश महालाचे अंतरंग आज आपणास दिसते ते एका चित्रामुळे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात काम करीत होता. त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्या रेखाटनांच्या आधारे, टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट व पेशवे यांच्या दरबाराचे मोठे चित्र पूर्ण केले. वेल्स व मॅलेट यांच्यासाठी काम करणारे पुण्याचे गंगाराम चिंतामण तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची व पर्वतीची चित्रे काढली. त्यांची अनेक रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्या गावच्या कारागिराची कामगिरी पाहण्यास इतक्या दूर जावे लागावे, हे खेदाचे आहे. पण ती जपली गेली, हेही मानले पाहिजे.

चित्रातून महालाचे खांब, कमानी आणि थाट कळतो. जमिनीवर उरलेल्या जोत्यांवरून दालनांची मांडणी कळते. मधले मात्र हरवते: मजल्याची उंची, जिन्याची जागा, तुळयांचे सांधे. वाड्याला नेमके किती मजले होते, यावर म्हणूनच अद्याप वाद होतात. नगरभूमापनाचा नकाशाही येथे पुरा पडत नाही, कारण तो मालमत्तेची हद्द दाखवितो. चौक, ओसरी, माजघर व देवघर यांचा परस्परसंबंध दाखवीत नाही.

ही उणीव मोजमापाचा आराखडा भरून काढतो. त्यात प्रत्येक मजल्याचा नकाशा, दर्शनी बाजूचे रेखाचित्र आणि वास्तू उभी कापल्यास आतून कशी दिसेल ते दाखविणारा छेद, अशी किमान तीन रेखाचित्रे लागतात. यांपैकी छेद बहुधा टाळला जातो, आणि नेमकी तीच चूक महागात पडते. पाटई, माळा व छप्पर यांची बांधणी केवळ छेदातच उलगडते. जुन्या घराचा चौक सहसा काटकोनात नसतो, म्हणून चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत. दोन खांबांमधील अंतर, म्हणजे खण, स्वतंत्रपणे नोंदवावा. जुन्या कागदपत्रांत घराचे माप खणांतच दिलेले आढळते, त्यामुळे कागद व वास्तू यांचा मेळ घालता येतो. उत्तर दिशा, प्रमाण आणि मोजणीची तारीख हवीच. भिंतीवर पुराची खूण राहिली असेल, तर तिची जोत्यापासूनची उंचीही टिपावी.

हे काम केवळ पुण्याचे नाही. कृष्णा, पंचगंगा, गोदावरी यांच्या काठच्या गावांतही जुने वाडे, घाट व धर्मशाळा आहेत. माध्यमिक शाळेतील वरच्या वर्गाचे विद्यार्थी, एक भूमितीचा शिक्षक, मोजपट्टी व ओळंबा एवढ्या साहित्यावर प्राथमिक मोजणी होऊ शकते. मालकाची परवानगी मात्र आधी घ्यावी, आणि आराखड्याचा हक्काच्या वादाशी संबंध नाही हे त्यांना स्पष्ट सांगावे. अन्यथा दारे उघडत नाहीत. तयार झालेली प्रत त्याच वाड्याच्या कपाटात ठेवू नये. एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात असावी व दुसरी तालुक्याच्या ठिकाणी, पूररेषेच्या वर असलेल्या इमारतीत ठेवावी.