युद्ध संपले, बाँब राहिले

व्हिएतनाम हा आपल्यासारखाच भात पिकवणारा देश. तेथे फार वर्षे युद्ध चालले. १९७५ साली ते संपले. चाळीस वर्षांनी, २०१५ साली, त्या युद्धाच्या बातम्या देणारे काही बातमीदार पुन्हा तेथे गेले. शहरे वाढली होती. शेते हिरवी होती.

पण क्वांग त्री भागात जाऊन आलेले बातमीदार आणखीही सांगतात. विमानांतून टाकलेले कितीतरी बाँब तेव्हा फुटलेच नाहीत. ते मातीतच राहिले. कुदळ लागली की फुटतात. युद्धानंतर अशा बाँबांनी ४० हजार माणसे दगावली, असे तेथील सरकार म्हणते.

म्हणून तेथे शाळेत मुलांना शिकवतात, “लोखंडी गोळा दिसला तर हात लावू नका. धावत या, मोठ्यांना सांगा.” मग जाणती माणसे येऊन तो निकामी करतात.

लढाई थांबली की बातम्या थांबतात. शेतकऱ्याला मात्र त्याच रानात रोज जावे लागते.